तीस दिवसांची मुदत

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास, त्याचे हृदय, त्याचे वजन आणि त्याच्या अंगाची ऊब यांची चिंता जन्मल्या क्षणापासून सुरू होते. डोळ्यांची चिंता मात्र त्या गडबडीत कोणी करत नाही, आणि पहिले दोन-तीन आठवडे ती केली नाही तरी चालते, कारण अशा बाळाला अंधत्वाकडे नेणारा सर्वांत मोठा विकार जन्मतः नसतोच. तो नंतर उद्भवतो. ‘रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’, अर्थात अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाचा विकार, ज्याला डॉक्टर आणि परिचारिका रोजच्या बोलण्यात ‘आरओपी’ म्हणतात, तो बहुधा जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतो, आणि तो वाढणाऱ्यांपैकी असेल तर पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही डोळे कायमचे निकामी करू शकतो. या काळात डोळा लाल होत नाही, त्यातून पाणी किंवा चिपडे येत नाहीत, आणि इतक्या लहान बाळाला दिसते की नाही हे आईलाही सांगता येत नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसली आणि बाळ दिव्याकडे पाहत नाही हे घरच्यांच्या लक्षात आले, म्हणजे उपचाराची वेळ बहुधा निघून गेलेली असते. वैद्यकशास्त्राने या विकाराविषयी गेल्या आठ दशकांत जे ज्ञान मिळवले आहे, त्याच्या जोरावर यातून येणारे बहुतेक अंधत्व टाळता येते. तरीही ते येत राहिले आहे, आणि ते का येते याचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरसारख्या गावापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर अधिक सापडते.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून असलेला, प्रकाश टिपणारा नाजूक पडदा. गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यानंतर, दृष्टीची नस जिथून मेंदूकडे निघते तिथून, त्या कडांच्या दिशेने वाढू लागतात, नाकाकडील कड छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात आणि कानशिलाकडील कड दिवस पूर्ण भरता भरता, म्हणजे चाळिसाव्या आठवड्याच्या आसपास. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा कडेकडील मोठा भाग त्यामुळे रक्तवाहिन्यांविनाच असतो. गर्भाशयात ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते आणि त्या कमतरतेच्या इशाऱ्यावरच पडद्यातील पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचे, रक्तवाहिन्यांना वाढण्यास उद्युक्त करणारे प्रथिन तयार करतात. बाळ बाहेर येते, हवेतील आणि बऱ्याचदा नळीतील ऑक्सिजन त्याला मिळू लागतो, इशारा थांबतो आणि वाढही थांबते. शिवाय आईकडून मिळणारा ‘आयजीएफ-१’ हा वाढीला आवश्यक घटकही नाळ तुटल्याबरोबर बंद झालेला असतो. हा झाला पहिला टप्पा. दुसरा टप्पा काही आठवड्यांनी येतो: पडदा वाढतो, त्याची ऑक्सिजनची गरज वाढते, रक्तवाहिन्या नसलेला भाग उपाशी पडतो आणि मग व्हीईजीएफ इतके सुटते की नव्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, पडद्यात राहण्याऐवजी त्याच्या वर उगवू लागतात. त्या कच्च्या असतात, त्यांतून स्राव आणि रक्त झिरपते, त्यांच्याबरोबर वण तयार होतो, आणि तो आकसताना पडद्याला मागच्या भिंतीपासून ओढून सोडवतो. पडदा पूर्ण सुटला की त्या अवस्थेला डॉक्टरांच्या प्रतवारीत पाचवी पायरी म्हणतात, आणि तेथे शस्त्रक्रिया करूनही उपयोगी दृष्टी क्वचितच परत मिळते.

या विकाराचा इतिहास वैद्यकशास्त्राला फारसा अभिमानास्पद नाही, म्हणूनच तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढरा पडदा तयार होत असल्याचे प्रथम नोंदवले, आणि पुढील दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुले त्याने आंधळी झाली. ती बहुतेक सर्वांत प्रगत रुग्णालयांतली होती, जिथे काचपेट्या होत्या आणि ऑक्सिजन मुबलक होता. कारण शोधण्याच्या धडपडीत जीवनसत्त्वे, दूध, प्रकाश अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ विल्यम सिल्व्हरमन यांनी ‘एसीटीएच’ हे संप्रेरक देऊन पाहिले, तेव्हा बाळे बरी होत आहेत असे दिसले; परंतु ज्यांना औषध दिले आणि ज्यांना दिले नाही अशा दोन गटांत बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून त्यांनी नीट तुलना केली, तेव्हा औषध घेतलेल्या गटाची स्थिती अधिक वाईट निघाली. आरओपी बहुतेक बाळांमध्ये आपोआप मागे हटतो, त्यामुळे कोणताही उपचार केला तरी तो लागू पडल्यासारखा वाटतो, हे त्या चाचणीने शिकवले, आणि नवजात बाळांच्या वैद्यकात अशी तुलना केल्याशिवाय उपचार स्वीकारू नये हा आग्रह धरण्यात सिल्व्हरमन पुढे आयुष्यभर अग्रभागी राहिले.

ऑक्सिजनकडे बोट दाखवले ते १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी. वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ हे याच प्रश्नावर दोन गटांची चाचणी करत होते, आणि कमी ऑक्सिजनच्या गटातील बाळे गुदमरतील या भीतीने काही परिचारिका रात्री ऑक्सिजनची तोटी गुपचूप वाढवत, अशी नोंद त्या चाचणीच्या इतिहासात आहे. त्या परिचारिकांना दोष देणे कठीण आहे. पुढे अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने अनिर्बंध ऑक्सिजन आणि अंधत्व यांचा संबंध पक्का केला आणि जगभर ऑक्सिजनवर कडक मर्यादा आली. अंधत्व झपाट्याने घटले. पण लंडनचे केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये त्या काळाचा हिशेब मांडला तेव्हा, वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे १६ बाळे ऑक्सिजनअभावी दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज निघाला. हा पेच अजूनही पूर्ण सुटलेला नाही: २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सपोर्ट’ या मोठ्या चाचणीत रक्तातील ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात गंभीर आरओपी कमी झाला, परंतु ९१ ते ९५ टक्के पातळीच्या गटापेक्षा मृत्यू अधिक झाले. म्हणून आज नवजात कक्षात बाळाच्या पायाला किंवा हाताला लावलेल्या यंत्रावरचा आकडा नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात राहील असा प्रयत्न असतो. ९८ किंवा १०० हा आकडा पाहून नातेवाइकांना बरे वाटते, पण नळीने ऑक्सिजन घेणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी तो धोक्याचा असतो.

श्रीमंत देशांतील नियम भारताने जसेच्या तसे घेतले असते तर येथील अनेक मुले तपासणीबाहेर राहिली असती. अमेरिकेत १,५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या अथवा तीस आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या बाळांची तपासणी प्रामुख्याने केली जाते. पण लंडनच्या क्लेअर गिल्बर्ट यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिले की मध्यम उत्पन्नाच्या देशांत आरओपीची नवी लाट आली आहे, आणि तिच्यात तुलनेने मोठी, अधिक वजनाची बाळेही सापडतात. तेथे नवजात कक्ष वेगाने उभे राहिले, मात्र ऑक्सिजन मोजून आणि हवेत मिसळून देण्याची साधने, जंतुसंसर्ग रोखण्याची शिस्त आणि पुरेशा परिचारिका त्याच वेगाने आल्या नाहीत. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील दहा वर्षांच्या नोंदींवरून आनंद विनेकर, मंगत डोग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १,२५० ग्रॅमहून अधिक वजनाच्या भारतीय बाळांतील आरओपीचे चित्र मांडले. अशा अभ्यासांच्या आधारे भारताचा निकष रुंद झाला: ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेले किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे प्रत्येक बाळ, आणि ३४ ते ३६ आठवड्यांचे परंतु दीर्घकाळ ऑक्सिजन, जंतुसंसर्ग किंवा रक्त चढवणे यांतून गेलेले बाळही तपासले पाहिजे, पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत, आणि २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १,२०० ग्रॅमहून हलके बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच.

महाराष्ट्रात या विषयावरील सर्वांत बोलके संशोधन पुण्यात झाले. तेथील ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयातील डॉ. सुचेता कुलकर्णी, क्लेअर गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील आरओपीने आंधळ्या झालेल्या मुलांचा अभ्यास करून तो २०१८ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही मुले कशाने आंधळी झाली हे डोळ्यांवरून कळतच होते. संशोधकांनी त्यापुढे जाऊन ती इतक्या उशिरा का आली हे विचारले, आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून त्या अंधत्वाने कुटुंबावर काय परिणाम झाला हेही नोंदवले. उशिराचे प्रमुख कारण पालकांचा निष्काळजीपणा किंवा गरिबी हे नव्हते. बाळाला डोळे तपासायला पाठवा, असे मुळात त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. या निष्कर्षाचे महत्त्व नव्या लेसर यंत्रापेक्षा कमी मानता येत नाही, कारण ग्रामीण पालकांना अडाणी ठरवून मोकळे होण्याची जी सवय आरोग्यव्यवस्थेला लागली आहे, तिला त्याने परस्पर उत्तर दिले.

तपासणी स्वतः फार अवघड नाही, पण ती पाहणाऱ्याला सोपी वाटत नाही. बाळाला तासभर आधी दूध पाजणे थांबवतात, जेणेकरून रडताना ते उलटी करून गुदमरू नये. बाहुली मोठी करणारे सौम्य केलेले थेंब दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घालतात आणि गालावर ओघळलेला थेंब लगेच टिपून घेतात, कारण तो अंगात शोषला गेला तर इतक्या लहान जिवाचा रक्तदाब वाढू शकतो. मग बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळून, परिचारिकेने डोके धरून, पापण्यांमध्ये तारेचा लहानसा चिमटा बसवतात. डॉक्टर डोक्यावर दिवा आणि हातात भिंग घेऊन, दुसऱ्या हातातील बारीक सळीने बुबुळाबाहेरचा पांढरा भाग हलकेच दाबत पडद्याच्या कडा पाहतात. सगळे काही मिनिटांत आटोपते. पडदा तपासताना रक्तवाहिन्या कोणत्या पट्ट्यापर्यंत पोचल्या आहेत, त्यांच्या टोकाशी रेघ आहे की उंचवटा, आणि मुख्य रक्तवाहिन्या फुगून नागमोडी झाल्या आहेत का, याची नोंद होते. यातील शेवटचे लक्षण सर्वांत धोक्याचे. एका तपासणीने काम भागत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे लागते: रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी, आणि गरज पडल्यास त्याहून लवकर, ती पुन्हा करावी लागते.

उपचार लागणारी बाळे थोडी असतात, पण ज्यांना तो लागतो त्यांना दोन-तीन दिवसांत मिळाला पाहिजे. १९८८ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी चाचणीने गोठवण्याच्या पद्धतीने पडद्याचा रक्तवाहिन्याविरहित भाग निकामी केल्यास वाईट परिणाम सुमारे निम्म्यावर येतात हे सिद्ध केले. नंतर तेच काम लेसर करू लागला, आणि २००३ च्या दुसऱ्या एका चाचणीने उपचार आणखी लवकर करावा असे ठरवले. कडेचा थोडा पडदा घालवून मधली, वाचायची, चेहरे ओळखायची दृष्टी वाचवणे हा तो सौदा आहे. २०११ पासून व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शने थेट डोळ्यात देण्याचा मार्ग पुढे आला आणि विकार पडद्याच्या अगदी मधल्या भागात असलेल्या बाळांना तो विशेष उपयोगी ठरला. परंतु अशा बाळांमध्ये काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी विकार उलटू शकतो, त्यामुळे दूरच्या गावात परत जाणाऱ्या, पुन्हा येण्याची खात्री नसलेल्या बाळाला इंजेक्शन द्यावे की लेसर, हा निर्णय डॉक्टरला केवळ डोळा पाहून घेता येत नाही.

सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाणारे गाव औंढा नागनाथ तालुक्यात आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. त्यामुळे नाजूक बाळाला घेऊन नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे हा या भागातील कुटुंबांचा जुनाच परिपाठ आहे. अशा गावातील कुटुंबाच्या दिनदर्शिकेवर आरओपीच्या तीस दिवसांची मुदत ठेवून पाहिली की अडचण कुठे आहे ते दिसते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, म्हणजे रुग्णालयाच्या कागदावर सासरचा पत्ता आणि बाळ माहेरच्या गावी, किंवा उलट. बाळ पेटीतून बाहेर येऊन वजन धरू लागले की त्याला घरी सोडतात, आणि हे नेमके तपासणीच्या तारखेच्या आसपास घडते. घरी गेल्यावर सव्वा महिना बाळंतिणीने आणि बाळाने उंबरठा ओलांडायचा नाही ही रीत असते. ती रीत जंतुसंसर्गापासून बाळाला जपते हे खरेच, पण तीसवा दिवस सव्वा महिन्याच्या आत पडतो, आणि नुकत्याच रुग्णालयातून वाचून आलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या बाळाला एसटीने शहरात परत न्यायचे कारण घरातील वडीलधाऱ्यांना पटत नाही. त्यात ऊसतोडीचा हंगाम असला आणि बाप कारखान्याच्या फडावर असला, तर जायचे कोणी हा प्रश्नही उभा राहतो.

या कोड्याची एक किल्ली महाराष्ट्रानेच घडवलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून तोच विचार देशभरातील आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटींमध्ये उतरला. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. एकविसावा आणि अठ्ठाविसावा हे दोन्ही दिवस मुदतीच्या आतले आहेत. त्या भेटीत वजन आणि ताप यांबरोबर ‘डोळ्यांचा पडदा तपासला का’ एवढा एक प्रश्न विचारला गेला आणि उत्तर नाही आले तर गाडी बोलावली गेली, तर नवे यंत्र न घेताही बरेच काही साधेल. आजारी बाळाची रुग्णालयापर्यंतची मोफत ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आधीच बसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशव्यापी सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरातून झाली आणि त्यात आरओपीचा समावेश आहे. मात्र त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि महिन्याभराच्या बाळाच्या विकारासाठी सहा महिन्यांनी येणारी गाडी कितीही सुसज्ज असली तरी उशिराचीच ठरते.

दुसरी किल्ली शेजारच्या कर्नाटकाने दाखवली. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातून आनंद विनेकर यांनी २००८ मध्ये ‘किड्रॉप’ हा प्रकल्प सुरू केला: डॉक्टरऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन लहान शहरांतील नवजात कक्षांत ठरलेल्या दिवशी जातात, पडद्याची छायाचित्रे काढतात आणि तेथल्या तेथे लाल, केशरी, हिरवा अशी प्रतवारी करतात, तर तज्ज्ञ ती छायाचित्रे दुरून पाहतो. बाळाने तज्ज्ञाकडे जाण्याऐवजी तपासणीच बाळाकडे येते, ती बहुधा बाळ पेटीत असतानाच होते, आणि सव्वा महिन्याचा प्रश्नच उरत नाही. छायाचित्रांतील फुगलेल्या रक्तवाहिन्या ओळखणाऱ्या संगणक प्रणालीही आता तयार झाल्या आहेत आणि भारतीय बाळांच्या छायाचित्रांवर त्यांची पारख झाली आहे. त्या तज्ज्ञांचा भार हलका करतील यात शंका नाही, परंतु ज्या बाळाचे छायाचित्रच काढले गेले नाही त्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

बालपणीचे इतर नेत्रविकार या कहाणीत थोडक्यात यावेत, कारण त्यांतील अनेकांनाही वेळेची अट आहे. जन्मजात मोतीबिंदू दाट असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन महिन्यांतच व्हावी लागते, नाहीतर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही आणि डोळा आळशी राहतो. गर्भारपणातील रुबेला हे त्याचे एक कारण, ज्याविरुद्धच्या गोवर-रुबेला लसीची मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. बाहुलीत मांजरासारखी चमक दिसणे हे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, आणि तेथे दृष्टीबरोबर जीवही पणाला लागलेला असतो. तिरळेपणा भाग्याचा मानून सोडून देण्याची समजूत अजून पुरती गेलेली नाही. आरओपीतून सुखरूप सुटलेल्या मुलांनाही पुढे मोठ्या नंबरचा चष्मा, तिरळेपणा किंवा पडद्याचे त्रास होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून त्यांची तपासणी शाळेत जाईपर्यंत चालू ठेवावी लागते.

आरओपीची तपासणी वेळेवर करण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर न्यायालयानेही दिले आहे. १९९६ मध्ये चेन्नईतील एका सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात, १,२५० ग्रॅम वजनाची एक मुलगी जन्मली. तिच्या डोळ्यांची तपासणी झाली नाही, ती करायला हवी हे पालकांना सांगितले गेले नाही, आणि ती साडेचार महिन्यांची असताना दुसऱ्या डॉक्टरच्या लक्षात हा विकार आला तेव्हा दृष्टी गेलेली होती. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या निकालानंतर अनेक नवजात कक्षांत तपासणीची नोंद काटेकोर झाली, हे चांगलेच; पण इंग्रजी कागदाच्या तळाशी लिहिलेली एक ओळ आणि पालकांना मराठीत समजावून सांगितलेली तारीख यांत फरक आहे.

म्हणून ज्या घरात ३४ आठवड्यांपूर्वीचे किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्माला आले असेल, त्या घराने रुग्णालयातून बाहेर पडण्याआधी डोळ्यांच्या तपासणीची तारीख, ठिकाण आणि दूरध्वनी क्रमांक कार्डावर मराठीत लिहून मागावा, बाळ माहेरी जाणार की सासरी हे तेथे सांगावे आणि तीच तारीख गावच्या आशा ताईंनाही कळवावी. तीस दिवस उलटून गेले असतील, तरी आता काय उपयोग असे म्हणून घरी बसू नये; सव्वा महिना पुरा व्हायची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी बाळाला दृष्टिपटल तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.